कपॅसिटर बदलणे म्हणजे दोष शोधणे नव्हे

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरच्या दुरुस्तीत एक सल्ला असा काही रुजला आहे की त्यावर कोणी हरकतसुद्धा घेत नाही. यंत्र चालू होत नाही, स्पीकरमधून घरघर येते, सूर टिकत नाही, तापल्यावर आपोआप बंद पडते. तक्रार कोणतीही असो, उत्तर ठरलेले: ‘चाळीस वर्षांचे यंत्र आहे, आधी सगळे कपॅसिटर बदलून टाका, मग बघू.’ दुरुस्ती करणारे हे सांगतात, घेणारे हेच विचारतात आणि विकणारे ‘सर्व कपॅसिटर नवे’ म्हणून किंमत वाढवतात. मला हा सल्ला घातक वाटतो. पॉवर सप्लायचा दोष शोधायची एक रीत आहे, ती मोजमापाची आहे, आणि या रिवाजाने ती रीत मोडीत निघाली आहे. चांगली चालू शकणारी यंत्रे त्यापायी कायमची बिघडताना मी पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सल्ला देणाऱ्यांचा सगळ्यात जोरदार युक्तिवाद वयाचा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो सुकतो, म्हणून चाळीस वर्षांनी तो मेलेलाच असणार, असे ते म्हणतात. द्रव सुकतो हे खरे. पण तो कॅलेंडर पाहून सुकत नाही, मुख्यतः उष्णतेने सुकतो. या धंद्यात सर्वांना ठाऊक असलेला ठोकताळा असा की तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. 85 अंशांवर 2,000 तासांची हमी असलेला कपॅसिटर 45 अंशांवर राहिला तर त्याचे आयुष्य सोळापट, म्हणजे 32,000 तास. रोज दोन तास वाजवले तर त्याला त्रेचाळीस वर्षे लागतात. तोच कपॅसिटर हीटसिंकला चिकटून 65 अंशांवर बसला असेल तर 8,000 तास, म्हणजे तेवढ्याच वापरात अकरा वर्षे. एकाच पीसीबीवर, चार बोटांच्या अंतरावर, एक संपलेला आणि एक धडधाकट असू शकतो. पेटीत पडून राहिल्याने रबरी बूच कडक होते, ऑक्साइडचा थर पातळ होतो, हेही मला मान्य आहे. पण त्यातून निघतो तो संशय, आणि संशय मोजून तपासता येतो. ज्याच्याकडे ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजणारा मीटर आहे त्याला हीटसिंकजवळचे कपॅसिटर तपासायला काही मिनिटे पुरतात. ज्याच्याकडे तो नाही त्याने दुसऱ्याच्या यंत्रातले कपॅसिटर उपटायला बसण्याआधी तो घ्यावा.

आता रिपलकडे, म्हणजे डीसीवर उरलेल्या हेलकाव्यांकडे येऊ, कारण सप्लायच्या दोषांत सर्वाधिक आरोप याच्यावरून होतात. ट्रान्सफॉर्मरकडून आलेला एसी ब्रिजमधून जातो, फिल्टर कपॅसिटरवर साठतो आणि मग रेग्युलेटरकडे जातो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर पूर्ण ब्रिज 100 हर्ट्झचे हेलकावे देतो. हेलकावा किती याचा अंदाज सोपा आहे: लोडचा करंट भागिले वारंवारिता, भागिले कपॅसिटी. अर्धा अँपिअर आणि 2,200 मायक्रोफॅरड असेल तर जवळपास सव्वादोन व्होल्ट. कपॅसिटर सुकून निम्म्यावर आला तर साडेचार. 7815 या रेग्युलेटरला बाहेर 15 व्होल्ट द्यायला आत कमीत कमी साडेसतरा लागतात. हेलकाव्याचा तळ त्याच्या खाली गेला की तेवढ्या क्षणापुरता रेग्युलेटर हतबल होतो आणि घरघर थेट रेलवर, म्हणजे बोर्डांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर उतरते.

आता नेमके पाहा. ब्रिजमधला एक डायोड ओपन झाला, किंवा त्याच्या पायाशी ड्राय सोल्डर झाले, तर भरणी अर्ध्याच लाटांवर होते. तोच धडधाकट 2,200 चा कपॅसिटर, तोच अर्धा अँपिअर, पण वारंवारिता 50, आणि हेलकावा पुन्हा साडेचार व्होल्ट! मल्टिमीटरच्या आकड्याला दोन्ही दोष सारखेच दिसतात. फरक कळतो तो वारंवारितेवरून. स्कोप असेल तर लाटा मोजा. नसेल तर कानाने ऐका: 100 हर्ट्झ हा पाश्चात्त्य ‘जी’च्या अगदी शेजारचा स्वर आहे आणि 50 हर्ट्झ त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. ज्याला षड्ज लावता येतो त्याला हा फरक ओळखू येतो. कपॅसिटर बदलण्याच्या सल्ल्यात या भेदाला जागाच नाही. तो मानणारा माणूस डायोड तसाच ठेवून 2,200 च्या जागी 4,700 बसवतो, घरघर कमी होते, आणि दुरुस्ती झाली असे जाहीर होते. प्रत्यक्षात उरलेल्या डायोडवर आता दुप्पट ताण आहे, मोठ्या कपॅसिटरच्या भरणीचे धक्के अधिक तीव्र आहेत, आणि ट्रान्सफॉर्मर एकाच बाजूने ओढला जातो आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मोजतानाही एक काळजी घ्यावी लागते. डीसीवर ठेवलेला मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे खाली-वर हेलकावणारी रेलसुद्धा निरोगी दिसू शकते. एसीवर ठेवावा तर कित्येक स्वस्त मीटर डीसीलाही एसी समजून भलताच आकडा देतात. म्हणून मीटरच्या लाल वायरीला एक मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये लावायचा आणि मग एसी मिलिव्होल्ट वाचायचे. रेग्युलेटरच्या आधीही वाचायचे आणि नंतरही. आधी दोन व्होल्ट आणि नंतर दोन-तीन मिलिव्होल्ट असतील तर सप्लाय आपले काम करतो आहे, घरघर दुसरीकडून येते आहे. हे काम चहा थंड व्हायच्या आत उरकते.

माझ्या आक्षेपाचा गाभा एका यंत्रावरून दाखवतो. सहा आवाजांचा एक जपानी सिंथेसायझर माझ्याकडे आला. आधीच्या कारागिराने सप्लायचे सगळे इलेक्ट्रोलिटिक, ब्रिज आणि दोन्ही रेग्युलेटर बदलले होते, तरी अधिक 15 ची रेल दोन व्होल्टांच्या वर चढत नव्हती आणि नवा 7815 हात लावता येणार नाही इतका तापत होता. कारागिराचा निष्कर्ष: नवे रेग्युलेटरही बनावट निघाले. खरे तर 7815 आपले काम चोख करत होता. पुढे शॉर्ट असला की तो आधी करंट रोखतो, मग तापून स्वतःला बंद करून घेतो. गरम रेग्युलेटर आणि कोसळलेली रेल, या लक्षणाने आधी पुढच्या लोडकडे बोट दाखवावे.

सप्लायचे सगळे कनेक्टर काढले आणि नुसता सप्लाय चालवला. 15.0. मग एकेक बोर्ड जोडत गेलो. एका व्हॉइस बोर्डाची वायर लागताच रेल पुन्हा जमिनीवर. दोषी बोर्ड सापडला, पण त्या बोर्डावर अधिक 15 ला जोडलेले डझनांनी भाग. ‘बदलून टाका’वाल्यांच्या मते आता त्या सगळ्यांचे उत्खनन व्हायचे. त्याची गरज नसते. यंत्राची वीज काढून टेबलावरच्या सप्लायने त्या रेलमध्ये अर्धा अँपिअर सोडायचा, व्होल्टेजची मर्यादा अर्ध्या व्होल्टाच्या आत ठेवून, म्हणजे कोणतीही आयसी जागीच होत नाही. मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन तांब्याच्या पट्टीवरून पुढे सरकायचे. दोन मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध साधारण 25 मिलिओहम असतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरला बारा-साडेबारा मिलिव्होल्ट. करंट जिथवर वाहतो तिथवर आकडा वाढत जातो. ज्या फाट्यात करंट नाही तिथे तो हलत नाही. आकडा जिकडे वाढतो तिकडे जायचे, जिकडे हलत नाही तिकडून परतायचे. या बोर्डावर आकडा एका पिवळ्या थेंबाच्या पायाशी थांबला. टँटलम कपॅसिटर, 16 व्होल्टचा, 15 व्होल्टच्या रेलवर बसवलेला. एक पाय सोडवला आणि शॉर्ट गायब. यंत्र उभे राहिले.

आधीच्या कारागिराने हा भाग का बदलला नाही? कारण ‘सगळे कपॅसिटर’ म्हणजे त्याच्या लेखी उभे, गोल, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. टँटलम त्याच्या यादीत नव्हता. सरसकट बदलाच्या यादीत ‘सरसकट’सुद्धा खरे नसते. मात्र त्याच्या यादीने माझे काम वाढवले होते. रेग्युलेटरभोवतीच्या पट्ट्या वारंवारच्या सोल्डरिंगने उचकटल्या होत्या, एका पॅडचा तर पत्ता नव्हता आणि तिथे वायरचा तुकडा डकवला होता. जुन्या एकपदरी बोर्डांवर तांबे नुसत्या गोंदावर चिकटलेले असते. गरम लोखंड एकदा लागले तर ते सहन करते, पुनःपुन्हा नाही. शे-दीडशे कपॅसिटर काढायचे म्हणजे दोन-तीनशे सांधे तापवायचे. त्यातला एक जरी अर्धवट उचकटला, तर असा दोष जन्माला येतो जो कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलात लिहिलेला नाही.

‘भाग स्वस्त आहेत, वेळ महाग आहे’ हा दुसरा युक्तिवाद मला याच कारणासाठी पटत नाही. भाग स्वस्त आहेत, पण धोका स्वस्त नाही. नवा भाग चांगलाच असणार ही समजूतही बाजारात टिकत नाही. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर घालून वर मोठा आकडा छापलेला माल आहे, जुन्या भागांवर नवी छपाई केलेला माल आहे. नवा कपॅसिटर बसवण्याआधी मोजायचा असेल, आणि मोजायलाच हवा, तर मग जुनाच जागेवर आधी का मोजू नये? वेळ तेवढाच जातो.

रेग्युलेटरच्या बाबतीत तर हा उत्साह आणखी नडतो. 7815 या आयसीला उत्पादक 14.4 ते 15.6 व्होल्टांपर्यंतची मोकळीक देतो. जुन्या यंत्रात बसलेला 15.06 देत असेल तर कारखान्यातले सगळे ट्रिमर त्या 15.06 वर बसवलेले असतात. नवा 14.7 देणारा निघाला की ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप सगळ्यांचे गणित सरकते. म्हणजे सप्लाय ‘नवा’ झाला आणि यंत्र बेसूर झाले. मग ट्रिमर फिरवायला सुरुवात होते, आणि एकदा का तो माणूस पेचकस घेऊन ट्रिमरपाशी पोहोचला की परतीचा रस्ता फार लांबचा असतो. शिवाय उण्या रेलचा 7915 हा 7815 चा जुळा भाऊ नाही. 7815 चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट या क्रमाने असतात, 7915 चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. 7815 ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, 7915 ची इनपुटला. मधली अभ्रकाची चकती विसरून तो चॅसिसला आवळला की कच्च्या व्होल्टेजचा थेट शॉर्ट. बदललेल्या सप्लायमध्ये ही चकती गहाळ झालेली दिसणे दुर्मिळ नाही. 79 मालिकेला स्थिर राहायला आउटपुटवर कपॅसिटरही लागतोच: एक मायक्रोफॅरड टँटलम किंवा 25 मायक्रोफॅरड ॲल्युमिनियम. टँटलम वाईट असे ऐकून तो काढला आणि जागी एक मायक्रोफॅरडचाच साधा ॲल्युमिनियम बसवला, की रेल आंदोलने करू लागण्याची सोय झाली.

सूर हलणे हे सप्लायचे लक्षण असू शकते, पण कसे, ते आकड्यात पाहिल्याशिवाय कळत नाही. दर सप्तकाला एक व्होल्ट या प्रमाणात एका अर्धस्वराला 83.3 मिलिव्होल्ट येतात. आता एका कनेक्टरची पिन काळवंडली आणि तिथे एक दशांश ओहम रोध तयार झाला असे धरा. ग्राउंडच्या त्या पिनमधून 300 मिलिअँपिअर वाहत असतील तर 30 मिलिव्होल्ट तिथेच पडतात. ते सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजच्या संदर्भात मिसळले तर सूर 36 सेंट सरकतो. आपल्या प्रमाणश्रुतीचे अंतर साडेएकवीस सेंटांचे आहे, म्हणजे दीड श्रुतीहून जास्त घसरण. आणि आवाज वाढले की करंट वाढतो, म्हणून एक स्वर दाबला तर सूर बरोबर, सहा दाबले तर उतरलेला. या दोषात एकही कपॅसिटर गुंतलेला नाही. सप्लायच्या टर्मिनलवर मीटर लावून 15.00 वाचणारा माणूस जन्मभर वाचत राहील. मीटरची एक वायर सप्लायच्या ग्राउंडवर आणि दुसरी व्हॉइस बोर्डाच्या ग्राउंडवर ठेवली, सगळे आवाज वाजवले, की आकडा समोर येतो. उपाय काय? पिन साफ करणे, सैल क्रिंप बदलणे, जड कपॅसिटरांच्या आणि कनेक्टरच्या पायांशी पडलेल्या बारीक चिरांवर पुन्हा सोल्डर करणे.

आणि सप्लाय निर्दोष असताना त्याला दोषी धरणे हाही याच रिवाजाचा भाग आहे. कॉर्गच्या पॉलीसिक्समध्ये केएलएम-367 बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते, तिचा क्षार पट्ट्या खातो, आणि यंत्र वेड्यासारखे वागू लागते. रोलंडच्या जुनो-106 मध्ये 80017ए या आवाजाच्या मॉड्यूलवरचा राळेचा लेप कालांतराने दगा देतो, आवाज करकरतो, एखादा बंद पडतो. दोन्ही यंत्रांच्या रेल बहुधा खुशाल असतात. तरी दोन्हींचे सप्लाय आधी उपसले जातात, कारण सल्ला तसा आहे. मधल्या महिन्यांत बॅटरीचा क्षार पसरतच राहतो.

मॅन्युअल न उघडण्याची सवयही याच सल्ल्याने लावली. सगळ्या सिंथेसायझरना अधिक-उणे 15 लागतात अशी अनेकांची समजूत आहे. एआरपी 2600 ला लागतात. मिनीमूग अधिक-उणे 10 वर चालतो. लंडनच्या ईएमएसचा 1969 चा व्हीसीएस3 तर अधिक 12 आणि उणे 9 वर. बऱ्याच रचनांमध्ये उणी रेल अधिक रेलचा आधार घेऊन ठरते, त्यामुळे अधिक रेल बिघडली की उणीही बिघडते, आणि आधी कोणती तपासायची याला अर्थ असतो. एखादी रेल पूर्ण गेली असेल तर ऑप-ॲम्प दुसऱ्या रेलला चिकटतात आणि आउटपुटवर डीसी येतो, म्हणून तपासणी होईपर्यंत यंत्र ॲम्प्लिफायरला जोडायचे नाही. हे ज्ञान मॅन्युअलच्या पहिल्या दोन-तीन पानांतल्या सर्किटवरून मिळते.

मुंबई-पुण्याकडच्या वाचकांसाठी आता एक वेगळा मुद्दा, आणि माझ्या मते इथल्या बहुतेक सप्लाय-दोषांचे मूळ. ही यंत्रे आपल्याकडे बाहेरून आली. केर्सी लॉर्ड यांनी मूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला, चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 घेऊन राग वाजवले, आणि तेव्हापासून आजवर जपान-अमेरिकेची यंत्रे येतच आहेत. जपानची वीज 100 व्होल्टची. आपली 230 ची, आणि रात्री उशिरा कित्येक घरांत 245 सुद्धा. 100 व्होल्टचे यंत्र थेट लावले तर फ्यूज उडतो, आणि फ्यूजऐवजी कोणी तार गुंडाळली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. हे सगळ्यांना समजते. न समजणारा प्रकार पुढचा आहे. लोक बाजारातून 110 व्होल्टचा स्टेप-डाउन आणतात आणि निश्चिंत होतात.

हिशेब करून पाहा. 100 व्होल्टांवर रेग्युलेटरच्या आधी 22 व्होल्ट मिळत असतील, तर 15 च्या रेलसाठी 7 व्होल्ट उष्णता होऊन जातात. 110 वर 22 चे 24.2 होतात, जळणारे 9.2. उष्णता 31 टक्के जास्त. घरात 245 व्होल्ट आले की तोच स्टेप-डाउन 117 देतो. मग 22 चे जवळपास 25.8 आणि उष्णता दीडपटीच्या वर. मूळ फिल्टर कपॅसिटर 25 व्होल्टचा असेल तर त्याची मर्यादाही ओलांडली गेली. असा सप्लाय कारागिराकडे येतो, त्याला फुगलेला कपॅसिटर दिसतो, तो म्हणतो ‘वय झाले’, नवा 25 व्होल्टचा बसवतो आणि परत पाठवतो. काही वर्षांत तोही फुगतो. भिंतीतल्या सॉकेटपासून मोजायला सुरुवात केली असती तर हा दोष पहिल्या मिनिटात सापडला असता. योग्य इलाज 100 व्होल्टचा स्टेप-डाउन, किंवा ट्रान्सफॉर्मरला टॅप असतील तर ते 230-240 वर जोडणे. आणि टॅप बदलल्यावर फ्यूजही बदलायचा: 100 व्होल्टला एक अँपिअर ओढणारे यंत्र 230 ला अर्ध्याहून कमी ओढते, तेव्हा एक अँपिअरचा जुना फ्यूज तिथे पहारेकरी म्हणून निकामी आहे. नव्या टॅपवर जोडलेली पण जुन्याच फ्यूजवर चालणारी यंत्रे इथे सर्रास दिसतात.

काही जण तर सप्लायच काढून टाकायला सांगतात. ट्रान्सफॉर्मर भंगारात, जागी एसएमपीएसचे तयार मॉड्यूल. हलके, थंड, 90 ते 264 व्होल्टांवर चालणारे. चांगली रचना, योग्य फिल्टर आणि नीट अर्थिंग असेल तर हे शक्य आहे, नव्या यंत्रांत ते रोज होते. पण जुन्या यंत्रातला ग्राउंडचा मांडणीक्रम ट्रान्सफॉर्मर गृहीत धरून केलेला असतो. स्विचिंगचा उच्च वारंवारितेचा गोंधळ त्या लांबलचक वायरींवर पसरतो, ऑसिलेटर एकमेकांना ओढतात, मंद फुसफुस येते. दोन पिनांच्या प्लगवर, अर्थिंगशिवाय मॉड्यूल लावले तर त्याच्या आतल्या वाय-कपॅसिटरमुळे चॅसिस निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो आणि हाताला मुंग्या येतात. आणि ज्या शॉर्टने जुना सप्लाय बंद पाडला होता तो व्हॉइस बोर्डावर जसाच्या तसा असतो, आता फक्त त्याच्यामागे जास्त ताकदीचा सप्लाय असतो. जुना रेग्युलेटर दीड-दोन अँपिअरला थांबला असता. पाच अँपिअरचे मॉड्यूल पट्टी जाळूनच थांबेल.

न मोजता बदलावे असे काहीच नाही का? आहे. मेनच्या बाजूला बसलेले रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर आवरणातले कागदी कपॅसिटर. त्यांना चिरा पडतात, दमट हवा आत जाते आणि एक दिवस धूर निघतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांची वाट पाहू नये. गळणारी किंवा गळू शकणारी बॅटरी. भेगाळलेली मेनची वायर. 15 च्या रेलवरचे 16 व्होल्टचे टँटलमही मी 35 चे करतो, पण बोर्ड दुसऱ्या कारणाने उघडला असेल तेव्हाच. फुगलेला, पाझरलेला, जळका वास येणारा भाग तर मोजण्याच्या पलीकडे गेलेला असतो. ऑसिलेटरमधल्या पॉलिस्टायरिन कपॅसिटरना मात्र हात लावायचा नाही. ‘सगळे’ म्हणताना लोक त्यांनाही उपटतात आणि मग यंत्र पुन्हा पहिल्यासारखे सुरात येत नाही म्हणून यंत्राला दोष देतात.

काही वेळा मला सांगितले जाते की मोजमाप हे तज्ज्ञांचे काम, सर्वसामान्य माणसाला बदलणेच झेपते. मला हे अजिबात मान्य नाही. सिरीज लॅम्प आपल्याकडच्या कोणत्याही वायरमनला माहीत आहे. 60 वॅटचा साधा बल्ब यंत्राच्या सिरीजमध्ये लावला आणि चालू केले: क्षणभर पेटून मंद झाला तर मोठा शॉर्ट नाही, भगभगीत पेटून राहिला तर पुढे शॉर्ट आहे. पुढे मल्टिमीटर, एक फिल्म कपॅसिटर, एक 1,000 ओहमचा रेझिस्टर फिल्टर रिकामे करायला, आणि धीर. तीनशे सांधे न बिघडवता सोडवायला याच्या कितीतरी पट कौशल्य लागते. न झेपणारे काम सोपे म्हणून लोकांच्या गळ्यात मारले जाते आणि झेपणारे काम त्यांच्यापासून दूर ठेवले जाते, याचा मला राग आहे.

म्हणून यंत्र दुरुस्तीला देणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ‘कपॅसिटर बदलले का?’ हा प्रश्न विचारणे सोडा. कारागिराकडून कागदावर मागा: सॉकेटवर किती व्होल्ट होते, रेग्युलेटरच्या आधी किती, नंतर किती, रिपल किती मिलिव्होल्ट, सगळे आवाज वाजत असताना किती, यंत्र तासभर तापल्यावर किती. दुरुस्तीच्या आधीचे आकडे आणि नंतरचे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत मागा आणि त्यातला कोणता दोषी होता हे कशावरून ठरवले, तेही विचारा. पिशवीत चाळीस कपॅसिटर आले आणि या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर पैसे देण्याआधी यंत्र तिथेच, सगळ्या आवाजांनिशी, तासभर चालवून बघा.